डोळ्यातला खिसा

प्रोस्त्येयॉव,
रविवार, १९ मे १९७४

तीर्थस्वरूप अपोलेनाताई,

धाकट्या भावाचा, म्हणजे हिनेकचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी तब्येत, मेतोदेय दाजींचा गुडघा आणि दारातला तो चावरा हंस, तिघंही ठीक असतील असं धरून चालतो. (हंस ठीक नसला तरी मला फारसं वाईट वाटणार नाही. ईस्टरला त्याने माझ्या विजारीचा जो तुकडा घेतला, तो अजून परत आलेला नाही.) इकडे ब्लाझेना मजेत आहे. तिने बागेत कांदा लावलाय आणि शेजारणीशी बोलणं टाकलंय, म्हणजे वसंत ऋतू रीतसर सुरू झाला.

आता माझं. तुमच्या गावात म्हणे अशी बातमी आहे की हिनेक विमेताल शिंप्याने डोळ्यांत प्लास्टिकची बटणं शिवून घेतली. बसमधून येणाऱ्या दूधवाल्या बाईंनी मला हे तोंडावर विचारलं आणि विचारताना माझ्या चेहऱ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्यासमोर काजं करून दाखवणार आहे. तर ताई, बटणं नाहीत. एकच आहे, ते डाव्या डोळ्यात आहे, आणि ते बटण नसून भिंग आहे. तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू कॅमोमाइलच्या काढ्याची बरणी घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली असतीस. आता सहा महिने होऊन गेलेत, काढ्याचा धोका टळलाय, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, हे तुला ठाऊक आहे. पण मोतीबिंदूबरोबर डोळ्यातलं मूळचं भिंगही जातं आणि त्याच्या बदल्यात नाकावर बाटलीच्या बुडाएवढी जाड काच येते, हे मला काढल्यावर कळलं. दोन्ही डोळ्यांचं झालेलं असलं तर काही बिघडत नाही, सगळं जग सारख्याच मापाने मोठं होतं. माझा उजवा डोळा धडधाकट. त्याला ब्लाझेना आहे तेवढीच दिसायची आणि डाव्याला तीच सवापट. म्हणजे एकीच्या आत दुसरी अशा दोन ब्लाझेना, आणि दोघी एकाच वेळी बोलताहेत. तिसऱ्या दिवशी मी ती काच ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आणि एका डोळ्यावर धंदा चालवायचं ठरवलं.

एका डोळ्याने माणूस चालतो, जेवतो, बायकोशी वादही घालतो, पण शिवू शकत नाही. सुई किती लांब आहे हेच कळत नाही. कापड इथे आहे असं वाटावं आणि ते बोटभर पलीकडे असावं. आमच्या अग्निशामक दलाचे प्रमुख शिम्बेरासाहेब वर्धापनदिनासाठी विजार बेतून घ्यायला आले होते. मी मागची शिवण टाचणीने धरली आणि टाचणी विजारीसकट शिम्बेरासाहेबांनाही लागली. माणूस शूर, त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, बसली नीट. तसेच ते टाचणी घेऊन सभेला गेले आणि भाषणानंतर खाली बसले. त्या दिवसापासून आमच्याकडे अग्निशामक दलाचं एकही काम आलेलं नाही, आणि घराला आग लागली तर ते येतील का, याची मला खात्री नाही.

मग डॉक्टरांनी मऊ भिंग दिलं, ते नव्या तऱ्हेचं, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचं, डोळ्यावर चिकटवायचं. हायड्रोजेल म्हणतात. ओलं असलं की माशाच्या डोळ्यासारखं लिबलिबीत. पण चाळीस वर्षं अंगुस्तान घातलेल्या बोटांना ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कळेना. पहिलं शेपूच्या सॉसमध्ये पडलं. (ब्लाझेना म्हणते मी गिळलं, मी म्हणतो तिने.) दुसरं खिडकीत राहिलं, तर उन्हाने वाळून असं खडखडीत झालं की मी ते सदऱ्याचं बटण समजून त्याला भोकं शोधत बसलो. तिसरं मोरीतून थेट नदीला गेलं. चौथं मागायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या की डोळ्यावर राहत नसेल तर डोळ्यात ठेवू.

या डॉक्टरीणबाई ब्रनोतल्या एका दवाखान्यात असतात. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. का ते पुढे सशाच्या भागात कळेल. त्यांचं आडनाव रेझ्निच्कोवा. खाटकाच्या आडनावाची बाई हातात सुरी घेऊन आपल्या डोळ्यावर वाकणार, या कल्पनेनेच मी अर्धा झालो. त्यातून त्या कधी हसत नाहीत. मी केलेले विनोद त्या लक्षणं ऐकावीत तसे ऐकतात आणि काही वेळा लिहूनही घेतात.

त्यांचा बेत असा होता. डोळ्याच्या पुढच्या बाजूला जी पारदर्शक काच असते, तिला कॉर्निया म्हणतात आणि तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्या जाडीच्या आत एक खिसा कापायचा, त्यात हायड्रोजेलचं भिंग सरकवायचं आणि तोंड शिवून टाकायचं. ताई, अर्ध्या मिलिमीटरच्या कापडात खिसा. बाकी काही मला समजलं नसतं, पण खिसा म्हटल्यावर माझी भीती पळाली आणि मी शिंप्यासारखे प्रश्न विचारायला लागलो. पहिला प्रश्न, खिसा किती खोल. कारण उथळ खिशात काही राहत नाही, हे मला विजारींवरून ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की हे आधी सशांवर करून पाहिलं, आणि सुरुवातीच्या सशांमध्ये नेमकं हेच चुकलं होतं. डोळ्याच्या त्या काचेला रक्त मिळत नाही, तिचं खाणंपिणं आतल्या पाण्यातून झिरपत वर येतं. खिसा वरवर केला, किंवा भिंग पाणी न सोडणारं असलं, की वरच्या पापुद्र्याची उपासमार होते, तो विरत जातो आणि एक दिवस भिंग बाहेर पडतं. म्हणून आता खिसा खोल करतात आणि जेल असं घेतात की त्यातून अन्नपाणी आरपार जावं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. त्यावेळचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण आयुष्यात मी कुण्या डॉक्टरला चकित केल्याचा हा एकच प्रसंग आहे.

"कापड आधी धुऊन घेतलंय का?"

"कुठलं कापड?"

"तुमचं जेल. नवं कापड न धुता बेतलं तर आतली खळ बाहेर येते. अंगाला खाज सुटते, आणि शिवण आवळते ती वेगळीच."

त्या उठल्या, त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "तुम्हाला हे प्रयोगशाळेतल्या कुणी सांगितलं?"

मला कुणी काय सांगणार? पण गोष्ट खरी निघाली. पहिल्या खेपेच्या जेलमध्ये कच्च्या द्रव्याचा अंश राहून गेला होता. सशांचे डोळे लाल झाले आणि काचेत चारी बाजूंनी रक्तवाहिन्या शिरल्या, कारण शरीराने ओळखलं की आत कुणीतरी परकं आलंय. तेव्हापासून ते जेल तीन आठवडे पाणी बदलून बदलून धुतात. मी म्हटलं की तीन आठवडे तर आम्ही लग्नाचं कापडही धूत नाही, आणि संमतीपत्रावर सही करायला पेन मागितलं. मग पेन हातात घेतल्यावर वाटलं, हे सगळं आपण फक्त ऐकतोय. म्हटलं, ज्याच्या डोळ्यात हे खरंच आहे असा कुणी दाखवा, त्याला भेटल्याशिवाय सही नाही. त्या म्हणाल्या की माणसांपैकी आधीचे दोघे लांब स्लोव्हाकियात राहतात. जवळचा हवा असेल तर ससा आहे.

ससा मागच्या इमारतीत होता. सतरा नंबर. सशांना नावं द्यायची नाहीत असा नियम आहे, पण त्यांची देखभाल करणारे म्हातारे कुबीचेक त्याला 'साहेब' म्हणतात आणि नियमाप्रमाणे ते नाव नव्हेच. दोन वर्षं भिंग डोळ्यात घेऊन हा साहेब राजासारखा बसला होता. तुझ्या पिंजऱ्यात असता तर दोन नाताळांपूर्वीच ताटात जाऊन संपला असता. दोन्ही डोळे सारखेच स्वच्छ, कुठला कापलाय ते सांगितल्याशिवाय कळू नये. पण स्वच्छ दिसणं वेगळं आणि त्यातून दिसणं वेगळं. मी घरी आलो, शिम्बेरासाहेबांच्या गणवेशाचं काळं अस्तर उरलं होतं त्याची एक छोटी डोळापट्टी शिवली, तिला इलॅस्टिक लावलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा ब्रनो गाठलं. बेत साधा होता. सशाचा चांगला डोळा झाकायचा आणि भिंगाच्या डोळ्यासमोर पाथरीचं पान धरायचं.

कुबीचेकना पट्टी फार आवडली. त्यांनी ससा धरला, मी पट्टी चढवली. मापाला अगदी बरोबर बसली. (एका डोळ्याने शिवलेल्यांपैकी हीच एक.) साहेबाने मात्र एकदा मान झटकली, कुबीचेकच्या छातीवर पाय रोवले आणि दारातून बाहेर. तिथून पटांगण, पटांगणातून मुख्य इमारत आणि मुख्य इमारतीत बाह्यरुग्णांची खोली. वीसेक माणसं बाकांवर बसलेली, निम्म्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला ससा येऊन बसला. कुणी हललं नाही. प्रत्येकाला वाटलं असणार की आपल्यालाच काहीतरी भलतं दिसतंय आणि हे डॉक्टरांना आत्ताच सांगितलं तर ते इथेच ठेवून घेतील. एक आजीबाई तेवढ्या सरकल्या, त्याला जागा दिली आणि म्हणाल्या, "बस बाबा, नंबर माझ्यानंतर."

मी आणि कुबीचेक मागे धावलो. साहेब बादली चुकवून गेला, खुर्च्यांच्या पायांमधून गेला, आणि कोपऱ्यातल्या एका गृहस्थांच्या पिशवीतून कोबीचा गड्डा डोकावत होता त्याला जाऊन भिडला. ताई, त्याचा चांगला डोळा मी स्वतः झाकला होता. तो जे काही बघत होता ते त्या भिंगातून बघत होता. मी तिथेच फरशीवर बसून हसायला लागलो. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा एक हात सशाच्या मानेवर आणि दुसऱ्या हातात कोबी, असा मी त्यांना सापडलो. त्या म्हणाल्या की याला शास्त्रीय पुरावा म्हणत नाहीत. मी म्हटलं मला चालतो, आणि सही केली. त्यांनी एवढीच अट घातली की हे प्रकरण कुठे बोलायचं नाही. (तुला लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. तू कुणाला सांगणार नाहीस. दूधवाल्या बाईंना तर नाहीच.)

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो, आणि जागा असला की मी बोलतो. खिसा कापायला लागल्यावर मी दोनदा म्हटलं, खोल, अजून खोल. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या की विमेतालजी, तुमच्या दुकानात येऊन मी कधी बोलते का. खिशाचं तोंड त्यांनी केसाहून बारीक दोऱ्याने शिवलं. मी दोरा बघायला मागितला, तर त्यांनी माझी मान पुन्हा सरळ केली.

त्यानंतर थांबायचं. ताई, हा भाग मी विनोदाने लिहायचं ठरवलं होतं, पण तो काही केल्या तसा लिहिता येत नाही. भिंग आत जायला अर्धा तास लागतो. ते आत राहणार की नाही, ते डोळा ठरवतो आणि डोळा सावकाश ठरवतो. रोज सकाळी डॉक्टरीणबाई डोळ्यात बारीक उजेड सोडणारा दिवा लावून बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि जायच्या. अठरा दिवस हं. एकोणिसाव्या दिवशी त्या काहीच म्हणाल्या नाहीत. डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं आणि आत काहीतरी खुपत होतं. मला ते पहिल्या खेपेचे ससे आठवले. ब्लाझेना त्या दिवशी घरी भाजलेले गोड कोलाचे घेऊन आली होती, ते तसेच राहिले. मी तिला म्हटलं की डोळ्याने नाही म्हटलं वाटतं. ती बाकावर शेजारी बसली, माझा हात तिच्या मांडीवर घेतला आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत सोडला नाही. दुकान विकावं लागलं तर काय, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता.

तिला पोहोचवून परत आलो तेव्हा मला एकदम सुचलं की हे खुपणं माझ्या ओळखीचं आहे. नव्या सदऱ्याच्या कॉलरला गाठ आत दाबायची राहिली की मानेला खुपतं, अगदी तसं. सकाळी डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की भिंगाचं राहू द्या, आधी गाठ बघा, दोऱ्याचं टोक वर आलंय. त्या दिव्यातून खूप वेळ बघत राहिल्या. मग चिमटा मागवला, टाका काढून टाकला आणि म्हणाल्या, "विमेतालजी, गाठ तुमची बरोबर." त्यानंतर पाचव्या दिवशी डोळ्याची लाली गेली. भिंग जिथे ठेवलं तिथेच होतं आणि एकही रक्तवाहिनी आत आलेली नव्हती. त्या दिवशी त्या हसल्या असं कुबीचेक सांगतात. माझ्या डोळ्यावर नेमकी तेव्हा पट्टी होती.

फेब्रुवारीत सगळं स्पष्ट दिसायला लागलं. ब्लाझेना एक झाली, मापही ठरलेलं. मी दुकानात गेलो, सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. मग सुई काढली आणि पुन्हा ओवला. असं बहुधा वीस वेळा केलं असेन. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला माझं काम बघायची हौस. या दोन वर्षांत मी गावभर सांगत फिरलोय की शिंप्याला डोळे लागत नाहीत, हाताला वाट पाठ असते. म्हणून दुरुस्तीला आलेले माझेच कोट खाली घेतले आणि शिवणी उजेडात धरल्या. ताई, माझा टाका सरळ असतो, वडिलांनी पट्टी मारून सरळ केलेला. या शिवणींत माझ्या टाक्यांशेजारी दुसरे टाके होते, जरासे डावीकडे झुकलेले. असं झुकून आमच्या घरात एकच माणूस शिवतं. माझे टाके रस्ता सोडून कुठच्या कुठे गेले होते, आणि ते दुसरे त्यांना धरून धरून परत आणत होते. कोटामागून कोट, दोन वर्षं. मी दुपारी जेवून आडवा व्हायचो, तेव्हा ब्लाझेना हे करत असणार.

कोट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. मी म्हटलं, "माझं उसवून तू नवं शिवत होतीस."

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "उसवलं एकही नाही. फक्त सोबतीला माझे घातले."

मी कोट खुर्चीवर टाकला आणि कणकेचं भांडं धरून उभा राहिलो. नंतर तिने मला हाकलून दिलं, कारण मी भांडं चुकीच्या बाजूने धरलं होतं.

तर अशी ही हकिगत. डोळा शाबूत, धंदा शाबूत आणि शिम्बेरासाहेबांनाही मी निरोप पाठवलाय. आता एक विनंती. माझ्या नव्या डोळ्याचं पहिलं मोठं काम तुझं व्हावं अशी माझी इच्छा आहे. जाकीट आणि स्कर्टचा जोड, लोकरी कापडाचा, अस्तरासकट. कापड मात्र तूच निवडायचंस. ब्रनोला स्टेशनाजवळ चांगलं दुकान आहे, मंगळवारी ४ जूनला सकाळच्या गाडीने दाजींबरोबर ये. मी फलाटावर असेन. दाजींना नमस्कार, हंसाला काही नाही.

तुझा धाकटा,
हिनेक

ता. क. दाजी, आता इथून पुढे मोठ्याने वाचू नका. पत्र संपलं, खाली फक्त ब्लाझेनाचा नमस्कार आहे असं ताईला सांगा आणि चष्मा पुसायला लागा. कापडबिपड काही नाही. गेलं वर्षभर तिची पत्रं तुमच्या हातची येतात हे मला कळलंय. वाक्यं तिचीच, एवढं दुसरं कुणी रागावू शकत नाही, पण अक्षर तुमचं. ईस्टरला तिने कोलाच्यांत साखरेऐवजी मीठ घातलं आणि तुम्ही चार खाल्लेत. खुंटीवरच्या माझ्या कोटाला ती म्हणाली, "बस की रे, उभा का?" तेव्हा तुम्ही घाईघाईने मला त्या खुंटीखालीच बसवलंत. दाजी, तुम्हीही सोबतीला टाके घालताय. पण शिवण आता फार लांब गेलीय. डॉक्टरीणबाईंशी मी बोललोय. बाई दोन्ही डोळ्यांनी धूसर बघते म्हटल्यावर त्या म्हणाल्या की बहुतेक साधे मोतीबिंदू असतील, दोन्हीकडचे निघतील आणि दोन्हीकडे काच येईल, सारख्या मापाची. खिसाबिसा काही लागायचा नाही. ४ तारखेला साडेदहाची वेळ घेतलीय. स्टेशनावर उतरेपर्यंत तिला काही सांगू नका.

आणखी एक ता. क. ताई, दाजींना गुपचूप वाचता येत नाही, त्यांचे ओठ हलतात आणि श्वास बदलतो, हे मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. तेव्हा वरचं सगळं तू त्यांच्याकडून वाचून घेतलंच असशील आणि आत्ता माझ्यावर मनसोक्त रागावली असशील. रागाव. मी एकोणिसाव्या दिवशी काय घाबरलो होतो ते तुला लिहिलंय, तेही सगळं खरं. तेव्हा माझा हात ब्लाझेनाने धरला होता, तुझा मी धरीन. येणार असशील तर उत्तर तू स्वतःच्या हाताने लिही. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालतील. मला आता वाचता येतं.